नोड लवकर सुरू व्हावा म्हणून

आज मी तुम्हाला एका वाट पाहण्याचा इतिहास सांगणार आहे.

बिटकॉइनचा नोड पहिल्यांदा सुरू केला, की तो ३ जानेवारी २००९च्या पहिल्या ब्लॉकपासून सगळी खातेवही स्वतः तपासतो. वही फुगत गेली, तशी वाटही लांबली.

फेब्रुवारी २०१३मध्ये आलेल्या ०.८ आवृत्तीने बर्कली डीबी सोडून लेव्हल डीबी घेतला. वेग वाढला. पण मार्चमध्ये एक मोठा ब्लॉक आला. नव्या नोडांनी तो स्वीकारला. जुन्यांच्या डेटाबेसला तो पेलला नाही. साखळीला दोन फाटे फुटले! शेवटी नव्या फाट्यावरच्या मायनरांनी आपल्या कमाईवर पाणी सोडलं आणि जुन्या आवृत्तीकडे परतले, तेव्हा साखळी पुन्हा एक झाली.

त्यानंतरचे बदल जपून झाले. २०१५पासून आधी ८०-८० बाइटचे हेडर येऊ लागले, मग अनेक नोडांकडून एकाच वेळी ब्लॉक. २०१६मध्ये नव्या लायब्ररीमुळे ६४-बिट संगणकांवर सह्यांची तपासणी पाचपटीहून जलद झाली. २०१७पासून ठरावीक ब्लॉकच्या आधीच्या सह्या पुन्हा तपासणं टळलं. बाकी हिशोब मात्र तपासला जातोच.

२०२४च्या २८.० आवृत्तीत ८,४०,०००व्या ब्लॉकपर्यंतच्या शिल्लक नाण्यांची तयार यादी भरून नोड लवकर कामाला लागू शकतो. मग फसवणुकीचं काय? यादीचा हॅश प्रोग्राममध्येच आहे, आणि जुना इतिहास मागे तपासला जात राहतो.

मला हेच महत्त्वाचं वाटतं: तपासणी पुढे ढकलली, पण सोडली नाही.