श्वासचाचणी (पचनविकार)

श्वासचाचणी ही रुग्णाच्या उच्छ्वासातील विशिष्ट वायूंचे मापन करून पचनसंस्थेच्या काही विकारांचे निदान करण्याची पद्धत आहे. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत: जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूच्या शोधासाठी केली जाणारी युरिया श्वासचाचणी आणि शर्करांचे अपचन किंवा लहान आतड्यातील जीवाणूंची अतिवाढ ओळखण्यासाठी केली जाणारी हायड्रोजन-मिथेन श्वासचाचणी. वाहतूक पोलीस मद्यप्राशनाच्या तपासणीसाठी वापरतात त्या उपकरणाशी या चाचण्यांचा नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही. या लेखात चाचणीच्या सर्वसाधारण माहितीबरोबर पालघर जिल्हा व बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात तिचा उपयोग व मर्यादा यांचाही विचार केला आहे.

तत्त्व

आतड्यात निर्माण होणारा वायू तेथेच राहत नाही. त्याचा काही भाग रक्तात शोषला जातो, फुप्फुसांत पोहोचतो आणि उच्छ्वासावाटे बाहेर पडतो. त्यामुळे जठरात किंवा आतड्यात काय घडत आहे याचा अंदाज नळी न घालता, रक्त न काढता घेता येतो.

मानवी पेशी हायड्रोजन वायू तयार करत नाहीत. तो आतड्यातील जीवाणूंच्या किण्वनक्रियेतून निर्माण होतो. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात पोहोचली, अथवा जीवाणूच लहान आतड्यात नको तितके वाढले, तर उच्छ्वासातील हायड्रोजन वाढतो. काही व्यक्तींच्या आतड्यातील सूक्ष्मजीव हा हायड्रोजन वापरून मिथेन तयार करतात. अशा व्यक्तींत केवळ हायड्रोजन मोजल्यास दोष असूनही चाचणी निर्दोष दिसू शकते, म्हणून दोन्ही वायू मोजणे इष्ट मानले जाते.

युरिया चाचणीचे तत्त्व वेगळे आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी जीवाणूजवळ युरियेज नावाचे विकर मोठ्या प्रमाणात असते. ते युरियाचे अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांत विघटन करते. रुग्णाला दिलेल्या युरियातील कार्बन ‘खूण केलेला’, म्हणजे कार्बन-१३ किंवा कार्बन-१४ या समस्थानिकाचा असतो. तोच कार्बन काही मिनिटांत उच्छ्वासात दिसू लागला, तर जठरात जीवाणू आहे असा निष्कर्ष निघतो.

इतिहास

अमेरिकन वैद्यक मायकेल लेव्हिट यांनी १९६९ साली मानवी आतड्यातील हायड्रोजनची निर्मिती व उत्सर्जन यांवरील संशोधन प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या दशकात दुग्धशर्करेच्या (लॅक्टोज) अपचनासाठी ही चाचणी रूढ झाली. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८० च्या दशकात जठरदाह व व्रण यांचा हेलिकोबॅक्टर पायलोरीशी असलेला संबंध दाखवला. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ च्या सुमारास कार्बन-१३ व कार्बन-१४ वर आधारित युरिया श्वासचाचण्या वापरात आल्या.

भारतात चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत १९९० च्या दशकात कार्बन-१४ युरिया चाचणीवर काम झाले. लखनऊच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत उदय घोषाल व सहकाऱ्यांनी हायड्रोजन श्वासचाचणीचा विस्तृत अभ्यास केला. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रातील माणिक प्रधान यांच्या गटाने ‘पायरो-ब्रेथ’ हे उपकरण विकसित केले.

पूर्वतयारी

चाचणीचा निष्कर्ष पूर्वतयारीवर फार अवलंबून असतो. युरिया चाचणीपूर्वी प्रतिजैविके व बिस्मथ किमान चार आठवडे, तर ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांसारखी आम्लरोधक औषधे किमान दोन आठवडे बंद असावी लागतात. ही औषधे जीवाणूंची संख्या तात्पुरती घटवतात आणि संसर्ग असूनही चाचणी नकारार्थी येते. औषधांच्या दुकानातून पॅन्टोप्राझोलच्या गोळ्या परस्पर घेण्याची सवय पाहता ही चूक वरचेवर होणे स्वाभाविक आहे. मात्र चिठ्ठीवर दिलेले औषध रुग्णाने स्वतःहून बंद करू नये.

हायड्रोजन चाचणीपूर्वीही चार आठवडे प्रतिजैविके टाळतात. आदल्या दिवशी किण्वन होणारे पदार्थ वर्ज्य असतात: डाळी, कडधान्ये, गहू, नाचणी, दूध, कांदा, बहुतेक भाज्या व फळे. साधा पांढरा भात आणि त्यासोबत अंडे, कोंबडी किंवा मासे चालतात. पालघरच्या किनारपट्टीवर हे पथ्य जड जाऊ नये. भात आणि मासे हे तेथील रोजचेच जेवण आहे, फक्त आमटी व मसाल्यातील कांदा-लसूण वगळावा लागतो. डहाणू-घोलवडचा चिकू, ताडी आणि नीरा मात्र त्या दिवशी टाळावीत, कारण त्यांतील शर्करा निकाल बिघडवू शकतात. त्यानंतर ८ ते १२ तासांचा उपवास असतो. चाचणीच्या सकाळी विडी-सिगारेट ओढू नये, कारण धुरातही हायड्रोजन असतो. व्यायामही वर्ज्य आहे.

कार्यपद्धती व निकाल

युरिया चाचणीत प्रथम उच्छ्वासाचा एक नमुना घेतात. मग रुग्णाला खूण केलेला युरिया, कार्बन-१३ असल्यास साधारणतः ७५ ते १०० मिलिग्रॅम, पाण्यातून किंवा गोळीरूपात देतात. कार्बन-१३ चाचणीत २० ते ३० मिनिटांनी दुसरा नमुना घेऊन दोहोंतील फरक पाहतात. योग्य रीतीने केल्यास या चाचणीची अचूकता सुमारे ९५ टक्के असते. उपचारानंतर जीवाणू नष्ट झाला की नाही हे पाहण्यासाठी ती विशेष उपयोगी आहे. मात्र उपचार संपल्यावर किमान चार आठवडे थांबावे लागते. रक्तातील प्रतिद्रव्यांची चाचणी येथे कामाची नसते, कारण जीवाणू गेल्यावरही प्रतिद्रव्ये दीर्घकाळ टिकतात.

हायड्रोजन चाचणी दीड ते तीन तास चालते. दुग्धशर्करेसाठी बहुधा २५ ग्रॅम लॅक्टोज देतात. जीवाणूंच्या अतिवाढीसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज किंवा १० ग्रॅम लॅक्ट्युलोज देतात. हे लॅक्ट्युलोज म्हणजे बद्धकोष्ठावरील परिचित सिरपच. ठरावीक अंतराने नमुने घेतले जातात. अतिवाढीच्या चाचणीत ९० मिनिटांच्या आत हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा २० पीपीएम किंवा अधिक वाढल्यास, अथवा मिथेन कधीही १० पीपीएम किंवा अधिक आढळल्यास ती सकारात्मक समजतात. दुर्दैवाने अतिवाढीच्या बाबतीत हे आकडे दिसतात तितके निर्णायक नाहीत. ग्लुकोज वरच्या भागातच शोषले जात असल्याने खालची अतिवाढ निसटते. उलट लॅक्ट्युलोज लवकर मोठ्या आतड्यात पोहोचले, तर नसलेली अतिवाढ दिसते.

कार्बन-१४, किरणोत्सर्ग आणि तारापूर

कार्बन-१३ स्थिर समस्थानिक आहे. निसर्गातील सुमारे १.१ टक्के कार्बन याच प्रकारचा असतो. कार्बन-१४ किरणोत्सर्गी असून त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे आहे. चाचणीतील मात्रा बहुधा ३७ किलोबेकेरेल (१ मायक्रोक्युरी) असते. त्यातील बहुतांश कार्बन श्वास व लघवीवाटे बाहेर पडतो. रुग्णाला मिळणारी किरणमात्रा सुमारे ३ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे एका दिवसात निसर्गतः मिळणाऱ्या मात्रेहून कमी असते. तरीही मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी कार्बन-१३ वापरतात.

तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या (१९६९) परिसरात किरणोत्सर्गाविषयीची विचारणा स्वाभाविक असल्याने येथे एक खुलासा आवश्यक आहे. तारापूरच्या अणुभट्ट्या वीजनिर्मितीसाठी आहेत. देशातील वैद्यकीय समस्थानिके प्रामुख्याने तुर्भे (ट्रॉम्बे) येथील संशोधन अणुभट्टीतून येतात आणि विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळामार्फत (ब्रिट) वितरित होतात. श्वासचाचणी ही परिसरातील किरणोत्सर्गाचा शरीरावर झालेला परिणाम मोजणारी चाचणीही नव्हे. ‘कार्बन-१४ सकारात्मक’ असा अहवाल आल्यास त्याचा अर्थ जठरात जीवाणू आहे, एवढाच होतो.

पालघर जिल्ह्यातील संदर्भ

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याचा कुपोषणग्रस्त आदिवासी डोंगराळ भाग, मासेमारीची किनारपट्टी आणि बोईसर-तारापूरचा स्थलांतरित कामगारांचा औद्योगिक पट्टा, असे तीन अगदी भिन्न समाज आहेत. एकाच चाचणीचा एकच निकाल या तिन्ही ठिकाणी सारख्याच अर्थाने वाचता येत नाही.

भारतात हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग बहुधा बालपणीच होतो आणि निम्म्याहून अधिक प्रौढांत तो आढळतो. त्यांतील बहुसंख्यांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. त्यामुळे पोटदुखी असलेल्या कामगाराची चाचणी सकारात्मक आली म्हणून दुखण्याचे कारण सापडलेच असे नाही. अंगदुखीसाठी वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही व्रण होतात, आणि तेव्हा चाचणी नकारार्थी असू शकते.

दुग्धशर्करेबाबतही हीच सावधगिरी हवी. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या टंडन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात लॅक्टोज न सोसण्याचे प्रमाण दिल्लीत २७.४ टक्के, तर त्रिवेंद्रम व पाँडिचेरी येथे ६६.६ टक्के आढळले. लॅक्टोजचे अपचन हा अनेक समाजांत आजार नसून प्रौढपणाची सामान्य अवस्था आहे. अशा व्यक्तींना थोडे दूध किंवा दही बहुधा सोसते. कुपोषित मुलाचे दूध केवळ चाचणीच्या आकड्यावरून तोडणे म्हणजे प्रथिनांचा एक स्रोत बंद करणे होय.

सर्वांत गंभीर चूक आतड्याच्या क्षयरोगात होऊ शकते. क्षयामुळे आतडे अरुंद झाल्यास त्यामागे जीवाणूंची अतिवाढ होते आणि हायड्रोजन चाचणी सकारात्मक येते. प्रतिजैविकांनी काही दिवस बरे वाटते, मूळ रोग मात्र वाढत राहतो. वजन घटणे, ताप, काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा किंवा रक्तक्षय असल्यास श्वासचाचणीवर न थांबता दुर्बिणीतून तपासणी व इतर चाचण्या कराव्या लागतात.

तपासणीसाठी मुंबईस जायचे झाल्यास बोईसरहून अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावत असल्या तरी उपाशीपोटी प्रवास, त्यानंतर तीन तासांची चाचणी आणि बुडालेली पाळी असा हिशेब रुग्णाला करावा लागतो. जव्हार-मोखाड्याहून तर आधी घाट उतरावा लागतो. कार्बन-१३ चाचणीचा एक गुण येथे महत्त्वाचा ठरतो. तिचे नमुने बंद नळीत अनेक दिवस टिकतात व काही देशांत ते टपालानेही पाठवले जातात. म्हणजे श्वास गावाजवळच्या आरोग्य केंद्रात घ्यावा आणि नळी प्रयोगशाळेत जावी, ही व्यवस्था तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. हायड्रोजनचे रेणू अतिशय लहान असल्याने त्याचे नमुने इतके टिकाऊ नसतात. त्यासाठी यंत्र रुग्णाजवळच असणे बरे.

हेही पाहा: जठरव्रण, दुग्धशर्करा, समस्थानिक, तारापूर अणुऊर्जा केंद्र, पालघर जिल्हा