एका तारेतले दोन आवाज



इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे येतात. आमच्या नगरला त्यांची वाण नाही. 1490 साली निजामशहाने वसवलेले हे गाव. 2024 साली याचे नाव अहिल्यानगर झाले. परंतु इतिहास जसा दगडाचा असतो, तसा तो तारेचाही असतो. गच्चीवरून, विजेच्या खांबावरून आणि शेजाऱ्याच्या खिडकीतून आपल्या घरात शिरलेल्या त्या काळ्या केबलची हकीकत आज सांगावयाची आहे.

त्या तारेत दूरचित्रवाणी असे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तीत रेडिओही शिरू शके, आणि मग या दोघांना वेगळे कसे करायचे, असा प्रश्न पडे. हा प्रश्न दिसतो बारीक, पण त्याच्यामागे मोठा इतिहास आहे.

प्रथम नभोवाणीकडे वळू. अमेरिकेतील एडविन आर्मस्ट्राँग या अभियंत्याला 1933 साली एफ.एम. पद्धतीची पेटंटे मिळाली. या पद्धतीत विजांचा कडकडाट आणि मोटारींची खरखर आवाजात फारशी मिसळत नाही. आपल्या देशात आकाशवाणीची एफ.एम. सेवा 1977 साली मद्रासला सुरू झाली. दूरचित्रवाणी तिच्या अगोदरची. ती 1959 साली दिल्लीत आणि 1972 च्या गांधीजयंतीला मुंबईत आली.

आता गंमत पाहा. कंपनांच्या मोजपट्टीवर या दोघांची घरे अगदी शेजारी-शेजारी आहेत. जुन्या दूरचित्रवाणीचा पहिला पट्टा 47 ते 68 मेगाहर्ट्झ, तर दुसरा 174 ते 230. एफ.एम. रेडिओ बसला आहे 88 ते 108 मध्ये. दोन मोठ्या वाड्यांमधल्या बोळात एखादे बिऱ्हाड असावे, तसा हा प्रकार. आपले नगरचे आकाशवाणी केंद्र 100.1 वर, म्हणजे त्या बोळातच.

मोकळ्या हवेत हे शेजारी गुण्यागोविंदाने नांदत होते. 1991 च्या आखाती युद्धाच्या सुमारास आपल्याकडे उपग्रह-वाहिन्यांचे वेड आले आणि पाठोपाठ गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. एका तबकडीवरून आणि एका खोलीतून शेकडो घरांना तारा गेल्या. वाहिन्या वाढल्या, तशी जागा पुरेना. मग 104 ते 174 हा मधला पट्टाही केबलवाल्यांनी वापरात घेतला. हवेत तेथे दुसरी माणसे बोलतात, पण तारेला पोलादी कुंपण असल्यासारखे मानले, म्हणजे आतले आत आणि बाहेरचे बाहेर. एफ.एम.च्या वरच्या टोकावर, 104 पासून 108 पर्यंत, दूरचित्रवाणी आणि रेडिओ असे एकमेकांच्या अंगावर आले.

कुंपण मात्र पुष्कळदा गळके असे. पिन सैल, वेष्टण विरलेले, जोड चिकटपट्टीने गुंडाळलेला! मग गावातले जोरदार रेडिओकेंद्र तारेत घुसे आणि पडद्यावर आडव्या-तिरप्या रेघा नाचत. यात एक खुबी आहे. बूस्टरवर ताकदीबाहेर आवाज लादला, तर तो त्याची दुप्पट स्वतःच तयार करतो. 100.1 ची दुप्पट 200.2, आणि तो आकडा दूरचित्रवाणीच्या आठव्या चॅनलच्या हद्दीत, म्हणजे 195 ते 202 मध्ये पडतो. पाहणारा म्हणे, टीव्ही बिघडला. खरे दुखणे असे बूस्टरचे.

यावर उपाय काय? एक उपाय इतका स्वस्त आहे की हसू यावे. केबलचा दीड-दोन फुटांचा तुकडा घ्यावा, त्याचे एक टोक मोकळे ठेवावे आणि दुसरे मुख्य तारेला जोडावे. शंभर मेगाहर्ट्झची लहर सुमारे तीन मीटर लांब असते. तिचा पाव भाग तारेतल्या संथ चालीमुळे आखडून तेवढाच होतो. अशा तुकड्यापाशी ती लहर जणू जमिनीत जिरते, बाकीच्या पुढे जातात. पण हा तुकडा बूस्टरच्या आधी लावला पाहिजे. नंतर लावला तर 200.2 चा उपद्रव तसाच राहतो, कारण तो बूस्टरच्या पोटातच जन्मलेला असतो. रोग कोठे उपजला हे न पाहता औषध दिल्यासारखे ते होईल.

ज्याला रेडिओ काढून टाकायचा नाही, उलट ऐकायचा आहे, त्याची गोष्ट निराळी. साधा स्प्लिटर लावला, तर सगळाच प्रवाह दोघांत वाटला जातो आणि प्रत्येकाला निम्म्याहून कमी मिळतो. वेटोळी आणि कपॅसिटर यांची निवडक चाळणी लावली, तर 88 ते 108 एवढेच रेडिओकडे जाते, उरलेले टीव्हीकडे, आणि कोणाचे फारसे नुकसान होत नाही. युरोपात घरांच्या भिंतीवर टीव्ही आणि रेडिओ अशी दोन भोके असलेली पाटी असते. तिच्यामागे हीच चाळणी असते. आपल्याकडच्या घरांत ही पाटी फारशी रुळली नाही.

तारेची गळती म्हणजे केवळ घरगुती कटकट, असे समजू नका. नगर जिल्ह्याला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडदजवळ, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाची. आकाशातून येणारे अत्यंत क्षीण संकेत ती टिपते. तिच्या मूळ पट्ट्यांतले दोन, 150 आणि 235 मेगाहर्ट्झचे, केबलने वापरात घेतलेल्या जागेतच येतात. एखाद्या खेड्यातली सैल पिनसुद्धा ताऱ्यांच्या कुजबुजीवर ओरडू शकते.

मग कायदा काय म्हणतो? 1995 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्याच वर्षी केबलचा कायदा झाला. दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे त्याने केबलवाल्यांवर बंधनकारक केले. गावच्या आकाशवाणीसाठी मात्र तशी सक्ती नव्हती. तारेतला रेडिओ हा केबलवाल्याच्या मर्जीचा, नाहीतर गळतीचा पाहुणा राहिला.

पुढे 2011 साली कायदा बदलला आणि 2017 पर्यंत टप्प्याटप्प्याने जुनी पद्धत संपून सेट टॉप बॉक्स आला. आता आकड्यांच्या रूपाने येणारा संकेत डब्यातच उलगडतो. तारेचे टोक रेडिओच्या एरियलला लावून काही उपयोग नाही. रेडिओ ऐकायचा तर डब्याच्या यादीत त्याला कोणीतरी जागा दिलेली असली पाहिजे, किंवा मोबाईलवर तो शोधला पाहिजे. दोघांची फारकत झाली खरी, पण चाळणीची दोरी घरातून दूरच्या कार्यालयात गेली.

म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. ज्या रात्री वीज जाते, तार तुटते आणि मोबाईलचा मनोरा मुका होतो, त्या रात्री बॅटरीवरचा लहानसा रेडिओ आणि त्याची हातभर एरियल एवढेच उरते. तिथे 100.1 कोणाच्या यादीतून मागावे लागत नाही. घरातला जुना संच अडगळीत असेल तर बाहेर काढा, सेल घाला आणि आपल्या माजघरात कोणत्या कोपऱ्यात आवाज स्वच्छ येतो, ते आजच पाहून ठेवा. भिंती जाड असतील तर खिडकीशी न्या.