गिरणीचा दरवाजा आणि जॉबर

पहांटेचा भोंगा झाला कीं परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांतील गिरण्यांच्या दरवाजांशीं माणसांचे थवे जमत. त्यांतील बहुतेक हजेरी देऊन आंत जात. कांहीं मात्र बाहेरच उभे राहत. त्यांची नजर दरवाजावर असे, यंत्रावर नसे. हे ‘बदली’ कामगार. आज कोणाचा खाडा पडतो आणि त्याच्या जागीं कोणाला बोलावणें येतें, याची ते वाट पाहत. थोड्या वेळानें आंतून एक इसम बाहेर येई, जमलेल्यांवरून नजर फिरवी आणि बोटानें खुणावी : तूं ये, आणि तूं. बाकीचे घरीं परत. हें बोट गिरणीच्या मालकाचें नव्हे, मॅनेजरचेंही नव्हे. तें जॉबरचें. मुंबईच्या गिरण्यांत या बोटाचा अंमल सुमारें ऐशीं वर्षें चालला. तो कसा आला आणि कसा गेला, एवढीच हकीकत मला आज सांगावयाची आहे.

कारखाना चालविणें म्हणजे नेमकें काय करणें, या प्रश्नाचें व्यवस्थित उत्तर आंरी फेयॉल या फ्रेंच खाण-इंजिनिअरानें १९१६ सालीं ग्रंथरूपानें दिलें. १८८८ पासून तीस वर्षें त्यानें एका मोठ्या खाण-कंपनीचा कारभार वाहिला होता. त्यामुळें त्याचें लिहिणें अनुभवाचें आहे. पुढचें पाहून योजना आंखणें, माणसांची व साधनांची मांडणी करणें, आज्ञा देणें, निरनिराळ्या कामांचा मेळ घालणें आणि ठरलें तसें घडतें कीं नाहीं हें तपासणें, अशीं पांच कार्यें त्यानें सांगितलीं. माणसांची निवड व त्यांचें शिक्षण तो मांडणींतच धरतो, आणि या गोष्टीकडे कारभाराच्या प्रमुखानें स्वतः लक्ष द्यावें असा त्याचा आग्रह आहे.

हें शास्त्र पुस्तकांत येण्यापूर्वीं साठ वर्षें मुंबईंत गिरण्या चालू झाल्या होत्या. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी काढली आणि १८५६ सालीं ताडदेवला तिची गिरणी फिरूं लागली. या पहिल्या पिढींतल्या मालकांना योजना आंखतां येत नव्हती असें कोण म्हणेल? लँकेशायरची यंत्रें, विलायती कोळसा, वऱ्हाड-खानदेशचा कापूस, चीनची सुताची पेठ या सगळ्यांचा मेळ त्यांनीं घातला. फक्त एक गोष्ट त्यांनीं आपल्या हातीं घेतली नाहीं, ती म्हणजे माणसें. तो भाग त्यांनीं एकप्रकारें मक्त्यानें देऊन टाकला.

याचीं कारणें समजण्यासारखीं आहेत. खात्यांवरचे मास्तर बरेचसे इंग्रज. त्यांना मराठी येत नसे आणि रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्या माणसाला इंग्रजी कोठून येणार! मालाच्या भावांत चढउतार फार. तेजी आली कीं चार दिवसांत माणसें वाढवावीं लागत आणि मंदी आली कीं तितक्याच घाईनें काढावीं लागत. शिवाय आरंभीं अनेक गिरण्यांत मॅनेजिंग एजंटांचें कमिशन नफ्यावर नसून मालावर असे, दर पौंडास पाव आणा. पौंड वाढले म्हणजे झालें. तीं पौंडें कोणाच्या हातून, कशीं निघतात याची चौकशी करण्याचें त्यांना कारणच काय? अशा वेळीं स्वतः कामगारांतून वर आलेला, यंत्र जाणणारा, गांवाकडे ओळखी असलेला माणूस हाताशीं असला तर बरेंच सोपें जाई. तोच जॉबर.

त्याचें काम कागदोपत्रीं यंत्रांवर देखरेख करण्याचें व तीं दुरुस्त ठेवण्याचें होतें. प्रत्यक्षांत माणूस आणणें, कामावर घेणें, त्याला शिकविणें, रजा देणें, दंड सुचविणें आणि काढून टाकणें हें सर्व तोच करी. नोकरी लावून दिल्याबद्दल तो दस्तुरी घेई. ती एकदां देऊन भागत नसे. बायकांच्या रीळखात्यांत नायकीण असे, आणि तेथील जुलूम कांहीं बाबतींत अधिकच लाजिरवाणा होता.

जॉबरची सत्ता गिरणीच्या भिंतींपुरती असती तर ती इतकी टिकली नसती. मुंबईंत पगार महिन्याचा, आणि तोही पुढल्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेस मिळण्याची चाल होती. म्हणजे गांवाहून नवा आलेला गडी कामावर लागला तरी दीड महिना त्याच्या हातीं पैसा नाहीं. खोलीचें भाडें, खाणावळीचें बिल, वाण्याची उधारी हें सर्व कोणाच्या शब्दावर? बहुधा जॉबरच्या. कित्येकदां कर्ज देणाराही तोच असे. नोकरी ज्याच्या हातीं, देणेंही त्याचेंच, आणि गांवचें नातेंही त्याच्याशींच; अशा माणसाविरुद्ध तक्रार करावयाची ती कोणाकडे?

आतां, जॉबर म्हणजे केवळ दुष्ट माणूस असें म्हणून मोकळें होणें मला न्यायाचें वाटत नाहीं. साचे रिकामे राहिले तर जाब त्यालाच द्यावा लागे. माणसें राखण्यासाठीं त्याला त्यांच्या अडीनडीला उभें राहावें लागे. ज्याचीं माणसें दुसऱ्याकडे जात त्या जॉबरची पत गिरणींतही उतरे आणि चाळींतही. कित्येक संपांत आपल्या खात्यांतील माणसांना घेऊन बाहेर पडणारा पहिला इसमही जॉबरच होता. मालकांनीं टाकलेली जागा त्यानें भरून काढली, आणि त्या जागेचा मोबदला तो आपल्या रीतीनें वसूल करीत राहिला.

या व्यवस्थेचें उघडें रूप दिसलें तें प्लेगांत. १८९६ च्या अखेरीस मुंबईंत प्लेग शिरला आणि लोक हजारोंनीं कोंकणांत व देशावर पळाले. चात्या थांबूं लागल्या. गिरण्यांचे लोक नाक्यानाक्यावर उभे राहून येईल त्या कामगाराला जास्त बोलीनें ओढूं लागले. मजुरीचा जणूं लिलाव सुरू झाला. राहिलेल्या कामगारांनीं रोजचा पगार रोज मागितला आणि गिरण्यांनीं तो दिलाही. जी गोष्ट चाळीस वर्षें अशक्य म्हणून सांगितली जात होती ती एका आठवड्यांत शक्य झाली! मात्र सांथ ओसरल्यावर तो रोजचा पगार राहिला नाहीं, आणि दरवाजावरचें बोट होतें तेथेंच राहिलें.

दुसरी रीत कोणाला सुचलीच नव्हती असें नाहीं. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरास १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. तेथेंही आरंभीं गैरहजेरीनें व्यवस्थापक हैराण झाले होते. त्यांचे मॅनेजर बेझनजी दादाभाई हे मूळचे रेल्वेच्या मालखात्यांतले. कापडाच्या धंद्याशीं त्यांचा पूर्वीं संबंध नव्हता. परंतु माणूस कामावर कां येत नाहीं, हा प्रश्न त्यांनीं व टाटांनीं जॉबरवर न सोपवितां स्वतःचा मानला. हवेंत ओलावा राखण्याचीं व उकाडा कमी करण्याचीं साधनें बसविलीं, चांगल्या कामाचीं बक्षिसें समारंभानें दिलीं, १८८६ सालीं पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास आरंभ केला. यांत धर्मादाय किती आणि हिशोब किती, याचा निवाडा करण्याची गरज नाहीं. टाटा हे हिशेबी गृहस्थ होते.

मुंबईच्या कामगारांना स्वतःला काय हवें होतें, हें १८८४ सालींच लिहून ठेवलेलें आहे. ‘दीनबंधु’ चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं त्या वर्षीं साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारीं सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढेंच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आंत, आणि कामावर इजा झाली तर बरें होईपर्यंत पगार. या मागण्या वाचून मनाला चटका बसतो तो त्यांच्या साधेपणामुळें. रविवारची सुट्टी मिळण्यास १८९० साल उजाडलें. पगार वेळेवर देण्याचा कायदा झाला तो १९३६ सालीं.

नेमणूक जॉबरच्या हातीं असण्याचा आणखी एक परिणाम झाला, त्याची चर्चा त्या मानानें कमी होते. जॉबर आपल्या गांवचीं, आपल्या नात्यांतलीं, आपल्या जातींतलीं माणसें आणी; त्यामुळें खातींच्या खातीं जातवार भरलीं गेलीं. अस्पृश्य मानलेल्या समाजांतील कामगाराला साळखात्यांत, जेथें मजुरी अधिक तेथें, शिरकाव नव्हता. सबब अशी, कीं धोट्यांतून सूत ओढावयाचें तें तोंडानें, आणि त्याच्या तोंडचा धोटा दुसरा कसा घेईल! १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढें ठेवला. मालकांना दोष देणें सोपें. येथें बोट कामगारांकडेही वळत होतें.

तो १९२८ चा संप सुमारें सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यांत होते. कमी माणसांकडून अधिक यंत्रें चालवून घेण्याच्या योजनेवरून तो पेटला. त्यांतून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि गिरणीगिरणींतून कामगारांच्या कमिट्या झाल्या. माझ्या मतें जॉबरच्या सत्तेला पहिला खरा धक्का बसला तो या कमिट्यांचा. कामगाराची तक्रार जॉबरला वगळून मॅनेजरच्या टेबलावर जाऊं लागली. जॉबरला तें रुचणें शक्य नव्हतें, आणि मालकांनाही तें रुचलें नाहीं. परंतु आपल्या गिरणींत काय चाललें आहे हें जॉबरखेरीज दुसऱ्या कोणाकडून तरी कळूं शकतें, एवढें त्यांना कळून चुकलें.

व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या मजूर कमिशननें १९३१ सालीं आपला अहवाल दिला. ना. म. जोशी त्याचे सभासद होते. कमिशननें स्पष्ट सांगितलें, कीं कामावर घेण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढावा आणि मोठ्या कारखान्यांत मजूर-अधिकारी नेमावा. तो फक्त जनरल मॅनेजरला जबाबदार असावा. त्याच्या अंगीं सचोटी हवी, माणसें ओळखण्याची हातोटी हवी, आणि कामगारांची भाषा त्याला यावी. पाऊणशें वर्षांच्या या धंद्यांत व्यवस्थापकाला कामगाराची भाषा यावी हें एका शाही कमिशनला लिहावें लागलें!

१९३४ च्या कायद्यानें मुंबई सरकारचा मजूर-अधिकारी आला. मालकसंघानेंही आपला अधिकारी नेमला. कामगारांनीं त्यांच्याकडे संशयानें पाहिलें, आणि तो संशय अगदींच निराधार नव्हता. युनियनच्या पुढाऱ्यांना बाजूस सारून कामगारांचा कैवार सरकारी अधिकाऱ्यानें घ्यावा, हा हेतु त्या कायद्यांत झांकलेला नव्हता. पण १९३५ सालीं बदली कामगारांना कार्डें देण्याची पद्धति सुरू झाली, ती मला या सगळ्या प्रकरणांतील अत्यंत महत्त्वाची वाटते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक बदल्यांना कार्डें मिळत. खाडा पडला तर जागा कार्डवाल्यांतूनच भरावयाची. हातांत एक पुठ्ठ्याचा तुकडा आला, आणि जॉबरच्या बोटासमोर दाखविण्यासारखें कामगाराजवळ प्रथमच कांहीं झालें.

पुढें १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टानें पांचशें किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण-अधिकारी सक्तीचा केला, आणि १९५० सालीं मुंबईच्या गिरण्यांतील भरतीसाठीं सरकारी नोंदणीची योजना आली. जॉबर नाहींसा झाला नाहीं. तो साच्यांची देखरेख करीत राहिला, आणि आपल्या भाच्या-पुतण्याला चिकटवून द्या म्हणून त्याच्याकडे येणारे लोकही येत राहिले. बदलींत नांव घालून कायम होण्याची वाट पाहण्यांत कित्येकांचीं वर्षें गेलीं. १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला, तेव्हां बाहेर पडलेल्यांत कायम कामगारांबरोबर असे हजारों बदलीही होते.