पहाटे ४.५७

पुढच्या सगळ्या वेळा गोंदियाच्या घड्याळातल्या आहेत. घटना मात्र गोंदियाची नाही. ती गिटलॅब या कंपनीची आहे, जिचे लोक जगभर आपापल्या घरी बसून काम करतात आणि जिच्या सर्व्हरवर असंख्य प्रोग्रामर आपला कोड ठेवतात. पण गोंदिया, तिरोडा किंवा आमगावच्या एखाद्या पतसंस्थेत, कॉलेजात वा राइस मिलमध्ये कुणी म्हणत असेल की डेटाबेसवर फार ताण येतोय, काही टेबलं दुसरीकडे हलवू आणि काम एक मिनिटही थांबवायचं नाही, तर त्याने ही रात्र नीट वाचावी. ताण कमी करण्याच्या खटपटीतच ती उगवली होती.

मंगळवार, ३१ जानेवारी २०१७, रात्री १०.५०. सहा तास सात मिनिटं बाकी.

गिटलॅबचा सगळा डेटाबेस एका मुख्य सर्व्हरवर चालतो. दुसरा एक सर्व्हर त्याची प्रत सतत घेत असतो, पण तो राखीव. मुख्य पडला तरच कामाला यायचा. वाचणं, लिहिणं, सगळा भार एकाच्या खांद्यावर. हा भार अनेक यंत्रांत वाटता येतो का, हे एका इंजिनिअरला चाचणीच्या यंत्रांवर पाहायचं आहे. त्यासाठी ताजा डेटा हवा म्हणून तो मुख्य डेटाबेसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, हाताने घेतो. रोजचा स्नॅपशॉट ठरल्या वेळी होतोच, हा जादाचा. पुढे कंपनी वाचली ती या जादा प्रतीमुळे, आणि ती बॅकअप म्हणून घेतलेलीच नव्हती.

रात्री १२.३०. चार तास सत्तावीस मिनिटं बाकी.

तारीख बदलली, बुधवार लागला. डेटाबेसवरचा भार एकाएकी चढतो. लोकांना टिप्पण्या टाकता येईनात. आधी संशय स्पॅम करणाऱ्यांवर जातो. एका खात्यावर ४७,००० वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून लॉगिन होत असल्याचं दिसतं, ते काढून टाकलं जातं. नंतर आणखी एक कारण सापडलं: कुणीतरी खोडसाळपणे कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याविरुद्ध गैरवापराची तक्रार केली होती, आणि त्याचं खातं सगळ्या नोंदींसकट पुसण्याचं काम पडद्याआड सुरू झालं होतं. भार आटोक्यात आणण्यात काही तास जातात.

पहाटे ४.३०. सत्तावीस मिनिटं बाकी.

लिहिणं इतकं वाढलं होतं की राखीव सर्व्हर मागे पडला. त्याला अजून हव्या असलेल्या बदलांच्या नोंदी मुख्य सर्व्हरने जुन्या म्हणून टाकून दिल्या, आणि त्या दुसरीकडे जपून ठेवायची सोय केलेली नव्हती. आता एकच उपाय: राखीव सर्व्हरवरचा डेटा पुसायचा आणि मुख्यावरून पूर्ण नवी प्रत आणायची.

प्रत घेणारी आज्ञा तक्रार करते की जोडण्या पुरेशा नाहीत. मर्यादा ३ वरून ३२ केली जाते. आता पोस्टग्रेस, म्हणजे डेटाबेस चालवणारा प्रोग्राम, पुन्हा सुरूच होईना. एकूण जोडण्यांची मर्यादा ८००० ठेवलेली होती, ती २००० वर आणावी लागते. डेटाबेस उठतो. प्रत घेणारी आज्ञा पुन्हा दिली जाते आणि ती गप्प बसते. चूक नाही, टक्केवारी नाही, काही नाही.

या गप्प बसण्यावर मी थोडा थांबणार आहे, कारण सगळं इथेच फिरलं. आज्ञा अडकलेली नव्हती. मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला लागेपर्यंत ती अशीच मुकाट थांबते, हा तिचा स्वभाव. कंपनीच्या कामाच्या टिपणांत तो कुठे लिहिलेला नव्हता. दमलेल्या माणसाला मुकं यंत्र बिघडलेलंच वाटतं. इंजिनिअरचा त्या रात्री काम आवरून उठायचा बेत होता. ही भानगड निघाली म्हणून तो थांबला. त्याला वाटलं, राखीव सर्व्हरवर डेटाची रिकामी डिरेक्टरी शिल्लक आहे, तीच आडवी येत असणार. ती काढू.

पहाटे ४.५७.

त्याने ती काढली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण राखीव नव्हे, मुख्य सर्व्हरच्या खिडकीत आहोत. आज्ञा तोडली, तेव्हा सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

त्या माणसाला दोष देणं सोपं आहे आणि निरुपयोगीही. दोन सर्व्हरांच्या नावांत एका आकड्याचा फरक होता. पुढच्या सुधारणांच्या यादीत एक किरकोळ वाटणारी गोष्ट होती: खऱ्या सर्व्हरच्या खिडकीत लाल अक्षरं, चाचणीच्या खिडकीत पिवळी.

पहाटे ५.३०.

आता बॅकअप शोधायचे. रोजचा बॅकअप ज्या क्लाउड साठ्यात जायचा तिथे काही नव्हतंच. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर होता, बॅकअप घेणारी आज्ञा ९.२ ची चालत होती. ती रोज चूक दाखवून बंद पडत होती. ते कळवणारे ईमेल जात होते, पण त्यांच्यावर आवश्यक सही नसल्याने समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. सर्व्हर ज्या अ‍ॅझ्युअर क्लाउडवर होते, त्याचे डिस्क स्नॅपशॉट फायलींच्या सर्व्हरसाठी चालू होते, डेटाबेससाठी नव्हते. राखीव सर्व्हरवरचा डेटा तर नवी प्रत घेण्याच्या तयारीत आधीच पुसलेला. राहिली फक्त १०.५० ची जादा प्रत.

सकाळी ११.

लोकसभेत तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली अर्थसंकल्प मांडत होते. १९२४ पासून वेगळा असलेला रेल्वे अर्थसंकल्प त्या दिवशी पहिल्यांदा मुख्य अर्थसंकल्पात मिसळला. गोंदियासारख्या जंक्शनच्या गावाला ही बातमी मोठी. गिटलॅबचा डेटा त्या वेळी चाचणीच्या यंत्रावरून परत येत होता, तोही स्वस्तातल्या संथ डिस्कवरून, मुंगीच्या पावलांनी. कंपनीने एक गोष्ट मात्र भली केली. दुरुस्तीचं टिपण सगळ्यांना वाचायला खुलं ठेवलं आणि कामाचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर चालू केलं.

रात्री ११.३०.

सेवा परत सुरू. लोकांचा कोड शाबूत होता, कारण तो डेटाबेसमध्ये नसतो. पण १०.५० नंतरच्या नोंदी गेल्या: सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या, ७०० नवी खाती.

एकाच मुख्य सर्व्हरवरचा लिहिण्याचा भार मात्र वाढत गेला. शेवटी कंपनीने स्वयंचलित चाचण्यांशी संबंधित, सतत लिहिली जाणारी टेबलं वेगळ्या डेटाबेसमध्ये न्यायचं ठरवलं. ते काम कसं झालं ते पाहण्याजोगं आहे, कारण त्यात शेवटच्या मिनिटाला करायला फार थोडं उरलं होतं.

टेबल हलवणं म्हणजे ओळींची नक्कल करणं, असं वाटतं. ओळी हलतात, नाती अडतात. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण इथल्या माणसांच्या जुन्या दाखल्यांवर ‘जिल्हा भंडारा’ तसंच आहे आणि ते कागद आजही चालवून घ्यावे लागतात. डेटाबेसचंही तसंच. एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवते. दोन्ही एका डेटाबेसमध्ये असतील तर ते बोट डेटाबेस स्वतः सांभाळतो. वेगळी झाली की सांभाळत नाही. डेटाबेसला विचारलेल्या एकाच प्रश्नात दोन्हीकडची टेबलं जोडता येत नाहीत, आणि दोन्हीकडचं लिहिणं ‘झालं तर दोन्ही, नाहीतर एकही नाही’ अशा हमीने होत नाही. म्हणून आधी कोडमधली अशी प्रत्येक जागा शोधून सोडवावी लागते, आणि नवी तयार झाली तर चाचणीतच अडेल अशी सोय करावी लागते. तुटलेल्या नात्यांसाठी गिटलॅबने वेगळी पद्धत काढली: इकडची नोंद पुसली की तिची टीप एका टेबलात पडते, आणि तिकडच्या संबंधित नोंदी मागाहून एक काम साफ करतं.

त्यानंतर जुन्या डेटाबेसची पूर्ण, सतत ताजी राहणारी प्रत नव्या सर्व्हरांवर उभी करायची. हलवायच्या टेबलांचं वाचन आधी तिकडे वळवायचं. मग लिहिण्यासाठी वेगळी जोडणी द्यायची, पण ती अजून जुन्याच यंत्राकडे जाते. म्हणजे वायर बदलली, दिवा तोच. इथवर काहीही बिघडलं तर मागे फिरता येतं. शेवटी लिहिणं थांबवायचं, नवा सर्व्हर शेवटच्या बदलापर्यंत पोचला हे तपासायचं, त्याला स्वतंत्र करायचं आणि जोडणी तिकडे वळवायची. जुन्या जागी राहिलेल्या टेबलांवर कुलूप: कुणी चुकून लिहू गेलं तर डेटाबेस नाकारेल. ती टेबलं लगेच पुसायची नाहीत.

प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या गिटहब या दुसऱ्या कंपनीने २०२१ मध्ये असंच काम केल्याचं लिहिलं, तेव्हा ही शेवटची पायरी अवघ्या काही दहा मिलिसेकंदांत आटोपल्याचं सांगितलं. वापरणाऱ्याला कळलंही नाही. ती कारागिरी थोर आहे. पण तिच्यामागे दीर्घ तयारी होती. गिटलॅबने तो हट्ट धरला नाही. २ जुलै २०२२, शनिवार. आधी जाहीर करून सेवा बंद ठेवली, टेबलं वेगळी केली, सेवा पुन्हा सुरू केली. पाच वर्षांपूर्वीची रात्र ज्यांच्या टिपणांत होती, त्यांनी घेतलेला हा निर्णय मला गिटहबच्या मिलिसेकंदांपेक्षा शहाणा वाटतो.

तुमच्या कार्यालयाला रविवारी रात्री दोन तास बंद राहणं परवडतं. तसा फलक आठवडाभर आधी लावा. आणि त्याही आधी, या आठवड्यात, कालचा बॅकअप दुसऱ्या एखाद्या यंत्रावर उतरवून त्यातली टेबलं उघडतात का ते पाहा.