फ्रीडायव्हिंग : एका श्वासावरील खेळाचे प्रशिक्षण

हवेच्या टाकीविना, एकाच श्वासावर पाण्यात खोल उतरण्याच्या क्रीडाप्रकारास फ्रीडायव्हिंग म्हणतात. १९९२ मध्ये स्थापन झालेली ‘आयडा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना त्याच्या स्पर्धांचे नियमन करते.

चेन्नईतील अण्णा नगरसारख्या, किनाऱ्यापासून आत वसलेल्या भागातील खेळाडूला श्वास रोखण्याचा सराव तरणतलावात करता येतो. खोलीचा सराव मात्र खोल पाण्यातच करावा लागतो. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होऊन फुप्फुसांतील हवेचे आकारमान निम्मे होते. त्यामुळे कानांतील दाब संतुलित करण्याचे तंत्र सुरुवातीलाच शिकवले जाते. बुडी घेण्यापूर्वी जलद श्वसन टाळावे लागते. त्याने श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते व शुद्ध हरपण्याचा धोका वाढतो. परतीच्या अखेरच्या काही मीटरमध्ये हा धोका विशेष असतो. म्हणूनच प्रशिक्षित सोबत्याविना सराव न करण्याचा नियम तरणतलावातही पाळला जातो. स्पर्धेत पृष्ठभागावर आल्यानंतर १५ सेकंदांत शुद्धीवर असल्याची ठरलेली खूण न केल्यास बुडी बाद ठरते.

‘कॉन्स्टंट वेट’ प्रकारात १०० मीटरची मर्यादा ओलांडणाऱ्या पहिल्या महिला आणि नामवंत प्रशिक्षक नतालिया मोल्चानोव्हा २ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटानजीक समुद्रात उतरल्या; त्या परतल्या नाहीत.