धुमस

मुरूम, कच किंवा बारीक खडीचा भराव ठोकून घट्ट बसवण्याचे हातअवजार. जाड लोखंडी तळ आणि त्यावर उभा दांडा, एवढीच त्याची रचना. फाटकाच्या खांबाभोवतीचा खड्डा, जोत्याच्या आतले कोपरे, ड्रेनेज चेंबरची कड, खचलेले चार पेव्हर ब्लॉक अशा जागी रोलर वळत नाही आणि तेवढ्यासाठी प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने आणणे परवडत नाही. तिथे काम धुमसाचे.

विकत घेताना बहुतेक जण वजन पाहतात. खरे तर आधी तळ मोजावा. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेल्या धुमसाचा चौरस तळ साधारण 20 ते 25 सेंमी. आणि वजन पाच-सहा किलो असते. बाजू 20 ऐवजी 25 सेंमी. केली की क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होते आणि तेच वजन तितके विखुरते. माती ठोकून किती घट्ट बसते हे पाहणाऱ्या प्रयोगशाळेतील प्रॉक्टर चाचणीची हातोडी याच्या नेमकी उलट. भारतीय मानकानुसार हलक्या चाचणीत ती अवघी 2.6 किलोची असून 31 सेंमी. उंचीवरून पडते, पण तिचे तोंड फक्त 5 सेंमी. व्यासाचे. 20 सेंमी. तळाचा 6 किलोचा धुमस तेवढ्याच उंचीवरून पाडला, तर दर चौरस सेंटिमीटरला त्या हातोडीच्या सुमारे नवव्या हिश्श्याइतकाच मार बसतो.

म्हणूनच थर पातळ हवा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांत जोत्यातील मातीच्या भरावाला 20 सेंमी.ची मर्यादा आहे. प्रत्येक थरावर पाणी मारून लोखंडी धुमसाने ठोकायचे आणि तो शिरत नसेल तिथे पहारीच्या बुडाने. एकट्या माणसाच्या हातकामाला 10 सेंमी.च बरे. अरुंद चरात पहार कमी समजू नये. तिचे बूड लहान, त्यामुळे मार एकवटतो.

अवजाराइतकाच भरावही महत्त्वाचा. देशावर झिजलेल्या बेसाल्टचा मुरूम मिळतो, कोकणात जांभ्याचा. दोन्हींत बारीक कण असल्याने ओलसर करून ठोकले की ते छान बसतात. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये, इतकीच ओल पुरे. चिखल झाला तर एका बाजूने दाबलेले दुसरीकडून वर येते. 20 मिमी.ची नुसती धुतलेली खडी ठोक्यांपेक्षा कंपनाने अधिक बसते, तेव्हा तिच्यात कच मिसळावी. नदीच्या गोल गोट्यांना धारदार कडा नसतात. ते एकमेकांत अडकतच नाहीत, त्यांच्यासाठी महागडा धुमस घेणे म्हणजे पैसे वाया.

पत्र्याच्या डब्यात काँक्रीट ओतून त्यात पाइप रोवलेला घरगुती धुमस एखाद-दुसऱ्या खड्ड्यापुरता चालतो. दगडावर आपटला की त्याची कड फुटते. दांडा छातीपर्यंत यावा, म्हणजे कमरेत वाकावे लागत नाही. पेव्हर ब्लॉकवर लोखंडी तळ थेट मारू नये. मध्ये फळी ठेवावी किंवा रबरी हातोडा वापरावा.