पाण्याचा आकडा आणि त्याची साक्ष

विहिरीचे पाणी नितळ दिसले म्हणून ते निर्दोष ठरत नाही, हे आपण सारे जाणतो. परंतु रसायनशाळेने दिलेला आकडा तरी कशाच्या आधारावर खरा मानावयाचा, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. गेल्या शतकाच्याही मागे, लंडन शहरात तो मोठ्या तीव्रतेने उपस्थित झाला होता.

१८६६ साली पूर्व लंडनमध्ये पटकीने पाच हजारांहून अधिक माणसे दगावली. शहराच्या पाण्याची नियमित परीक्षा त्या काळी एडवर्ड फ्रँकलंड हे रसायनशास्त्रज्ञ करीत असत. १८६७ मध्ये वँकलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी रीत मांडली. पाण्यात परमँगनेट व अल्क घालून ते उकळावे आणि सेंद्रिय द्रव्यातून सुटणारा अमोनिया मोजावा. पुढच्याच वर्षी फ्रँकलंड यांनी निराळी रीत पुढे केली. पाणी आटवून उरलेला साका तांब्याच्या ऑक्साइडबरोबर जाळावा आणि निघालेल्या वायूंवरून कार्बन व नायट्रोजन मोजावा. कोणाची रीत खरी, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. दोघेही कुशल होते. पण दोघे एकच वस्तू मोजीत नव्हते, आणि दोन्ही आकडे पडताळून पाहावेत असे समाईक प्रमाण कोणापाशीच नव्हते.

हा घोटाळा आजही संभवतो. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, अमेरिकेची १०. वस्तुतः दोन्ही जवळजवळ सारख्याच; आपण संपूर्ण नायट्रेट तोलतो, ते त्यातील केवळ नायट्रोजन. अहवालात नुसतेच ‘२०’ लिहिले, तर एका अर्थी पाणी निर्धोक, दुसऱ्या अर्थी मर्यादेच्या दुप्पट दूषित! आणि अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांच्या जिवावर बेतू शकते.

सोनाराच्या तराजूवर आपण विसंबतो, कारण त्याची वजने सरकारी प्रमाणाशी ताडलेली असतात. रसायनशाळेचेही तसेच असावे लागते. तेथील द्रावण प्रमाणित द्रावणाशी ताडलेले, ते राष्ट्रीय प्रमाणाशी जोडलेले, आणि प्रत्येक दुव्याशी संभाव्य चुकीचे माप नोंदलेले, अशी अखंड साखळी हवी. आपल्या देशात दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा तिचा वरचा दुवा सांभाळते. मात्र नमुन्याची बाटलीच अस्वच्छ असेल, तर ही सारी साखळी व्यर्थ होय.

म्हणून पाण्याचा अहवाल हाती येताच आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: काय मोजले, कोणत्या रीतीने, आणि कशाशी ताडून? साक्षीदाराची उलटतपासणी घेतल्यावाचून न्यायाधीश निकाल देत नाही. मग पाण्याच्या साक्षीला वेगळा न्याय का असावा?